कृष्णाकाठच्या शाळा

वाईच्या ढोल्या गणपतीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंतची कृष्णाकाठची यात्रा वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी केलेलीच असेल. आम्हीही ती दोन वेळा केली. गेल्या माघात मात्र त्याच वाटेने देवळांऐवजी शाळा पाहत जावे, असा बेत आम्ही केला. ज्या धंद्यात जन्म गेला त्याची कुळकथा डोळ्यांनी पाहावी, एवढाच हेतू. "आयुष्यभर शाळाच पाहिली, आता आणखी काय पाहावयाचे राहिले?" असे म्हणत म्हणत आमच्या सौभाग्यवतींनी दशम्या बांधल्या, आणि आम्ही उभयता पुण्याहून निघालो.

शिरवळ मागे टाकल्यावर हमरस्त्यापासून थोडे आत नायगाव आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म येथे ३ जानेवारी १८३१ रोजी झाला. पुण्यास भिडे यांच्या वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली, तीत शिकविणारी ही पंतीण या लहानशा गावची. जन्मघरापुढे सौभाग्यवती बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या आजीला पोथी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. घरात पुरुष सगळे शास्त्री. पण तिला अक्षर शिकवावे असे एकाच्याही मनात आले नाही." आम्ही निरुत्तर झालो.

वाईच्या घाटावर बसले की जुन्या पंतोजींची शाळा आपोआप डोळ्यांपुढे येते. कोणाची तरी ओसरी, नाहीतर देवळाची पडवी, पुढे धूळपाटी, तीवर बोटाने काढलेला ओनामा. मग पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी यांची उजळणी, आणि बोरूने गिरविलेला मोडीचा कित्ता. पंतोजींना वेतन बेताचेच, बहुधा धान्याचे. सणावारी शिधा मिळे. छडी मात्र भरपूर. मोठ्या मुलाने लहानास शिकवावे, ही तेथील नित्याची रीत होती. या रीतीची आपण हेटाळणी करतो. पण अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने मद्रासकडे देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली, मुलांकडून मुलांना शिकविण्याचा प्रयोग आपल्या अनाथालयात केला, आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. पुढे 'मद्रास पद्धत' या नावाने ती इंग्लंडातील शाळांत रुजली, आणि तेथून थेट ऑस्ट्रेलियातील वसाहतींच्या शाळांपर्यंत पोहोचली. आमच्या पडवीतील धूळ अशी समुद्रापार गेली!

वाईला विद्येची परंपरा मोठी. ज्या 'नवनीता'वर मराठी शाळांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, तो १८५४ साली सिद्ध करणारे परशुरामपंत गोडबोले हे मूळ येथलेच. नारायणशास्त्री मराठे यांनी १९१६ साली स्थापिलेली प्राज्ञपाठशाळाही येथलीच. विनोबांनी येथे शास्त्रीबोवांपाशी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे यांचे अध्ययन केले, आणि लक्ष्मणशास्त्री जोशी येथेच घडले. या लक्ष्मणशास्त्र्यांनी पुढे अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार शोधून देण्याच्या कामी आपली विद्वत्ता वेचली. ज्या ग्रंथांतून दार लावण्याची आज्ञा काढली जात होती, त्याच ग्रंथांतून दार उघडण्याची अनुज्ञाही निघू शकते. वाचणाऱ्याची इच्छा मात्र हवी.

साताऱ्यास आम्ही मुद्दाम जुन्या राजवाड्यापाशी गेलो. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना ग्रंथांची, छापखान्याची आणि शिक्षणाची फार आवड. १८३९ साली इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले, आणि १८४७ साली ते तेथेच निवर्तले. पुढल्याच वर्षी राज्य खालसा झाले. कालांतराने सरकारी इंग्रजी शाळा याच राजवाड्यात भरू लागली, आणि तिला पुढे महाराजांचेच नाव मिळाले. राज्य गेले, परंतु नाव शाळेने राखले.

या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजी यांच्या 'भिवा' या मुलाचे नाव दाखल झाले. तेच डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. परंतु त्या विद्यार्थ्याचे दिवस कसे गेले, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. वर्गात इतरांमध्ये बसावयाचे नाही. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून आणावयाचा आणि संध्याकाळी तो घरीच न्यावयाचा. तहान लागली तर शिपायाने पाणी द्यावयाचे; शिपाई नसेल तर पाणी नाही. याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी रोज या मुलाला देत. त्या भाकरीची आठवण बाबासाहेबांनी जन्मभर कृतज्ञतेने काढली. गोणपाट आणि भाकरी, दोन्ही एकाच शाळेतली. पुढे मुंबईच्या शाळेत या बुद्धिमान विद्यार्थ्यास संस्कृत घेऊ दिले नाही. त्याला फारसीवर समाधान मानावे लागले.

संस्कृताची गोष्ट निघताच आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली. ती आजवर घरीही सांगितली नव्हती. चाळीस वर्षांमागे एका खेड्यातील शाळेत आम्ही संस्कृत शिकवीत होतो. एका धनगराच्या मुलाला 'ष' आणि 'श' यांतील भेद उच्चारता येईना. चार वेळा सांगून पाहिले, आणि पाचव्या वेळी भर वर्गात म्हणालो, "तुझ्या जिभेला हे वळावयाचे नाही. तू दुसरा विषय घे." मुले हसली. त्याने पुस्तक मिटले, आणि पुढल्या वर्षी खरोखरच दुसरा विषय घेतला. आम्ही त्याला वर्गाबाहेर बसविले नव्हते, पाणीही नाकारले नव्हते. कायदा बदलला होता, बाक एक झाला होता. गोणपाट मात्र आमच्या जिभेवर शिल्लक होते. राजवाड्याच्या दाराशी उभ्या उभ्या हे सौभाग्यवतींना सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "मग आता काय करावयाचे, ते बघा."

साताऱ्याहून कऱ्हाडास आलो. जवळच कृष्णेकाठी टेंभू आहे. गोपाळ गणेश आगरकर येथे १८५६ साली जन्मले. दारिद्र्याशी झगडत एम. ए. पर्यंत पोहोचलेल्या या पुरुषाने मोठ्या पगाराची आशा धरू नकोस असे आईला कळविले, आणि शिक्षकाचा धंदा पत्करला. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १८८० साली काढलेल्या न्यू इंग्लिश स्कुलात ते शिकवू लागले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, तीतही ते अग्रभागी होते.

कऱ्हाडाजवळच काले हे गाव आहे. भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्थेची स्थापना येथे केली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास गेले, आणि तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू, रांधू व जेवू लागली. १९२७ साली गांधीजींनी ते वसतिगृह पाहिले. मुलांच्या अन्नाची भ्रांत पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडावयास दिले. शिक्षक नवे हवेत, तर ते घडविलेही पाहिजेत, हे ओळखून भाऊरावांनी १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. पंतोजींच्या धंद्याला खेड्यापाड्यांतील नवे रक्त मिळाले ते असे.

शेवटचा मुक्काम सांगलीस. पटवर्धनांचे हे संस्थान १९४८ साली विलीन झाले. सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग १९४९ साली निराळा होऊन 'दक्षिण सातारा' झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेजच्या आवारात हिंडताना एक गोष्ट ध्यानात आली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने हे कॉलेज काढले ते १९१९ सालीच. म्हणजे ज्या वर्षी काल्यात भाऊरावांचे रोप लागले त्याच वर्षी. आमच्यासारख्या घरांतील मुलांना कॉलेजचा रस्ता आधीच ठाऊक होता. भाऊरावांच्या मुलांना शाळेचे दारच प्रथम दाखवावे लागले. दोन्ही प्रवाह कृष्णेच्याच काठी निघाले, पण ते एकत्र येण्यास किती वर्षे लागली! सांगलीजवळ हरिपुरास कृष्णा-वारणांचा संगम पाहताना हाच विचार मनात घोळत होता.

घरी परतल्यावर सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे दिले. दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर संस्कृताचा वर्ग भरतो. आमची नातवंडे असतात, शेजारच्या इस्त्रीवाल्याचा मुलगा असतो, आणि धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंची मुलगीही असते. सूनबाईंनी सर्वांसाठी एकच लांब सतरंजी काढून दिली आहे. त्या मुलीलाही 'ष' अजून साधत नाही. आम्ही पाचव्यांदा सांगतो, सहाव्यांदा सांगतो. कृष्णेच्या पाण्याला वाईहून सांगलीस पोहोचावयाला वेळ लागतोच.