दाराशी सांगितलेलं दुखणं

मैत्रिणींनो, डॉक्टरांच्या खोलीतून निघताना, दारात पाय ठेवून “आणि हो डॉक्टर, आणखी एक...” असं आपण कितीदा म्हणतो! धाकट्याचा खोकला, सासूबाईंचे गुडघे, ‘ह्यां’ची साखर, सगळं सांगून झाल्यावर आपला नंबर. आणि खरं दुखणं बहुधा तेच असतं.

माझ्या कामशेतच्या वन्संचंच पाहा ना. पाळी बंद होऊन चार वर्षं झालेली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. तीन महिने कुणाला बोलल्या नाहीत. मामंजींच्या औषधाला गेल्या आणि निघता निघता दाराशी पुटपुटल्या. डॉक्टरांनी हातातलं काम ठेवून त्यांना परत खुर्चीत बसवलं. पाळी गेल्यावर दिसलेलं रक्त किंवा स्तनात हाताला लागलेली गाठ ‘वयाचं असेल’ म्हणून सोडायची नसते. पुष्कळदा ते साधंच निघतं. पण कधी कर्करोगही असतो, आणि तो लवकर कळलेला बरा.

लोणावळ्याहून पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे लोकलचा जवळजवळ दीड तास, तेवढाच परतीचा. एवढं करून मुख्य गोष्टच राहिली तर काय उपयोग? म्हणून वाण्याची यादी करतो तशी आदल्या रात्री चिठ्ठी करा. पहिल्या ओळीत ज्याची सर्वांत धास्ती वाटते ते. मग कधीपासून, किती वेळा, कशाने वाढतं, शेवटची पाळी कधी आली. चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका. ‘छोटी पांढरी गोळी’ म्हटल्यावर कुणाला काय कळणार? अंगदुखीवर परस्पर घेतलेली गोळीही सांगा, कारण अशा काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. आणि निघण्याआधी डॉक्टरांचं सांगणं आपल्या शब्दांत त्यांनाच म्हणून दाखवा. गैरसमज असेल तर तिथल्या तिथे मिटतो.

‘हे’ बरोबर आले तर उत्तमच, पण तुमच्या दुखण्याचं उत्तर तुम्हीच द्या. संकोच वाटतो? हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टर हव्यात, असं आनंदीबाई जोशींनी १८८३ साली बंगालमधल्या सेरामपूरला भरसभेत सांगितलं आणि १८८६ साली अमेरिकेत स्वतः डॉक्टर झाल्या. आता लेडी डॉक्टर जागोजाग आहेत. आपण तोंड उघडायचं तेवढं राहिलंय.

घरातल्या सगळ्यांची दुखणी तुम्हाला तोंडपाठ असतात. पुढच्या खेपेला आपलं आधी सांगा, खुर्चीत बसल्या बसल्या.