भैरवी आणि शेवटची गाडी

विरारच्याही पुढच्या वाणगावच्या माणसाला मुंबईत नाटक-सिनेमा बघायचा तर आधी गाडी बघावी लागते. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस आमच्या तीन पिढ्यांनी पाहिलं, आणि तिघांना ते तीन तऱ्हांचं दिसलं. त्यात रेल्वेच्या वेळापत्रकाचा वाटा मोठा आहे.

आजोबा गवताच्या व्यापाऱ्याकडे मुनीम होते. आमच्याकडचं वाळलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. हिशेबाला म्हणून आजोबा ग्रँट रोडला उतरत आणि रात्री नाटकाला जाऊन बसत. हे नाट्यगृह बांधलं मॉरिस बँडमन या कलकत्त्याहून कारभार हाकणाऱ्या नाटकवाल्याने आणि जहांगीर कराका या पारशी कोळसा दलालाने. बांधकाम पुरं व्हायच्या आतच, १९११ साली, पंचम जॉर्ज येऊन उद्घाटन करून गेला. बेत होता विलायती ऑपेराचा. पण पुढे त्या रंगमंचावर बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले. ध्वनिक्षेपक नव्हता. घुमटाकार छत आणि भिंती अशा बेतलेल्या, की वरच्या गॅलरीत कोपऱ्यात बसलेल्यालाही शब्द ऐकू यावा. आजोबा बसायचे ते त्या कोपऱ्यातच. दीनानाथांची तान ‘डोक्यावरून नाही, कानाशेजारून गेली’ असं ते सांगत, आणि सांगताना उजवा कान चोळत. संगीत नाटकं तेव्हा वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत लांबायची. त्यामुळे शेवटची गाडी चुकायचा प्रश्नच नव्हता. भैरवी ऐकायची, कुठे तरी चहा प्यायचा आणि पहिल्या पॅसेंजरने घरी.

मग सिनेमा बोलू लागला. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला तो गिरगावातच, मॅजेस्टिकला, म्हणजे ऑपेरा हाउसपासून थोड्याच अंतरावर. १९३५ साली ऑपेरा हाउस आयडियल पिक्चर्सकडे गेलं आणि त्याचं चित्रपटगृह झालं. त्याच वर्षी खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ होऊन पडद्यावर आले. आजोबांनी मात्र तिथे जाणं सोडलं. सिनेमाने वास्तू बाटवली, हे त्यांचं ठाम मत.

मला ते पटत नाही. नाटक कंपन्या कर्जात बुडत होत्या. त्यांच्या जिवावर ऑपेरा हाउसचं झुंबर किती दिवस टांगलेलं राहिलं असतं? त्या काळातली कितीतरी नाट्यगृहं आज जागेवर नाहीत. हे टिकलं ते तिकीटबारीवर रोज गल्ला जमत होता म्हणून. शिवाय नाटक तिथून पुरतं हटलंही नाही. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोग याच रंगमंचावर व्हायचे, आणि प्रयोग संपला की ते स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहायचे. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी वास्तू घेतली, तरी सिनेमा चालूच राहिला.

वडिलांचं ऑपेरा हाउस ते हे. तीन-सहा-नऊचे खेळ. विरारपुढे लोकल नव्हती, म्हणून नऊचा खेळ आम्हाला वर्ज्य आणि सहाचाही अर्धवट. शेवटची मारामारी सुरू झाली की वडील मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघायचे आणि मला दंडाला धरून उठवायचे. कित्येक खलनायक माझ्या लेखी अजून मेलेले नाहीत. मी गाण्यांच्या वेळी मान वर करून बसायचो. पडद्यावर बर्फ आणि माथ्यावर प्लॅस्टरची विलायती वेलबुट्टी.

१९९३ साली पडदा बंद झाला. घरोघरी व्हिडिओ आणि केबल आली होती. एकपडदा थिएटरांची ती पडझडच होती. पुढची वर्षं चर्नी रोड सोडताना मी नुसता त्या दिशेला बघायचो. २००८ च्या सुमारास वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धाराचं काम हातात घेतलं. सिनेमासाठी काढून टाकलेले बॉक्स जुन्या छायाचित्रांवरून पुन्हा घडवले गेले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गायनाने दारं उघडली. ज्या विलायती गाण्यासाठी हे सगळं बांधलं होतं, ते तिथे पुन्हा सुरू झालं.

दरम्यान २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली. आता सोयच सोय, असं मला वाटलं. वास्तू उघडल्यावर नाट्यसंगीताला गेलो, आजोबांचा म्हणून वरचा कोपरा धरला. आता ध्वनिक्षेपक होता, त्यामुळे कानाशेजारून काही गेलं नाही. जे आलं ते समोरून, एकदम. गायिकेने जोगिया संपवून पाणी प्यायलं, तंबोरे पुन्हा लावायला घेतले, आणि शेजारच्याचे गुडघे चुकवत मी बाहेर पडलो. डहाणूची गाडी भैरवीसाठी थांबत नाही. चर्चगेटचा माणूस म्हणेल, पुढची धरा. त्याला चार मिनिटांनी पुढची असते.

हल्ली कार्यक्रमाची जाहिरात दिसली की मी प्रथम वेळ वाचतो. दुपारचा असेल तरच गाणार कोण ते बघतो.