तांदूळ निवडण्याइतका उजेड

अण्णांच्या मागे जी चीजवस्तू उरली, तीत एक रोलिकॉर्ड कॅमेरा होता आणि बारीक अक्षरांत भरलेली एक टिपणवही. अण्णा १९९८ साली गेले. कॅमेरा त्यानंतर वीस-बावीस वर्षे वाईच्या वाड्यातील फडताळात पडून राहिला. दिल्लीत सारे आयुष्य जुन्या मराठी ग्रंथांच्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहण्यात घालविलेल्या त्यांच्या मुलाने, स्वतःच्या निवृत्तीनंतर, तो उचलून दिल्लीला आणला, भिंगावरची बुरशी काढून घेतली, शटर दुरुस्त करून घेतले. आणि मग त्याच्या ध्यानात आले, की या यंत्राला उजेड आत घेता येतो, पण मोजता येत नाही. झरोका किती उघडावा आणि किती काळ उघडा ठेवावा, हे दोन्ही चालविणाऱ्यानेच ठरवायचे. एका रिळात चित्रे बारा. बाराव्या चुकीनंतरच पहिली चूक कळते.

अण्णांना प्रकाशमापक कधी लागला नव्हता. फिल्मच्या खोक्यात जो छापील कागद येई, त्यावरचा साधा नियम त्यांना पाठ होता : निरभ्र दुपारी झरोका सोळावर ठेवावा आणि फिल्मची जी गती असेल तिच्या व्यस्त प्रमाणात सेकंदाचा अंश घ्यावा, मळभ आले की एकेक पायरी खाली यावे. पण वाड्याच्या आतल्या उजेडासाठी त्या कागदावर रकाना नव्हता. तो अण्णांनी आपल्या वहीत स्वतः आखला. तारीख, स्थळ, फिल्मची गती, झरोका, वेळ, आणि अखेरीस उजेडाचे वर्णन : ‘लख्ख’, ‘मळभ’, ‘दिवेलागणीच्या जरा आधी’. गडांच्या आणि कृष्णेच्या घाटांच्या चाळीसेक नोंदींमध्ये १९६७ सालची एकच नोंद घरातली आहे : ‘माजघर. ही. ओर्वो २२. ३.५. १/२. तांदूळ निवडण्याइतका उजेड.’

‘ही’ म्हणजे आई. त्या पिढीचा नवरा वहीतही बायकोचे नाव लिहीत नसे.

त्या नोंदीचे चित्र आज उपलब्ध नाही. निगेटिव्हच्या पाकिटाला ओल लागून आतले सारे एकमेकांना चिकटून गेले होते. मूळ ग्रंथ नष्ट व्हावा आणि केवळ त्याची पुष्पिका उरावी, तसा हा प्रकार. आणि ज्याचा जन्मच अशा पुष्पिका वाचण्यात गेला, त्याला ती जागा रिकामी ठेवणे जड जावे यात नवल नाही. आईचे तरुणपणचे दुसरे चित्र म्हणजे लग्नातले, पेठेतल्या एका स्टुडिओत काढलेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे कारागिराने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून नवरीला उजळ करून टाकले होते. आई जात्या सावळी. त्या तसबिरीकडे बोट दाखवून ती आजही म्हणते, “ही कोण गोरी बाई, मला ठाऊक नाही.”

ती आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिचे माजघरातले, तिच्याच रंगाचे एक चित्र असावे, एवढाच त्याचा मनसुबा होता.

पहिले रीळ त्याने मोबाइलमधल्या प्रकाशमापकावर विसंबून खर्ची घातले. आई चौकाच्या दाराशी पांढरे सुती पातळ नेसून बसली होती. मोबाइलने दुरूनच तिच्याकडे पाहून आकडा सांगितला, त्याने तो मानला, आणि बाराही चित्रांत पातळ राखी आणि चेहरा कोळशासारखा आला. यात यंत्राचा दोष नव्हता. वस्तूवरून परत येणारा उजेड मोजणारा कोणताही मापक एक गृहीत धरून चालतो : समोर जे आहे ते सरासरीने मधल्या करड्या रंगाचे आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत देणारे. पांढरे कापड त्याच्या चौपटीहून अधिक परत देते. मापकाला वाटते, उजेडच फार आहे. तो फिल्मला दोन स्टॉपांहून थोडा अधिक उपाशी ठेवतो. उलट, सावळ्या चेहऱ्याजवळ जाऊन मोजावे, तर तो त्या चेहऱ्यालाही करड्यापर्यंत उजळवील. स्टुडिओतल्या कारागिराने पेन्सिलीने केले, तेच हा हिशेबाने करणार.

ही खोड त्याच्या परिचयाची होती. पोथी उतरविणारा लेखक अनोळखी शब्दापाशी आला, की त्याच्या जागी ओळखीचा शब्द घालून मोकळा होतो. त्यात लबाडी नसते, सवय असते. म्हणून तर दोन पाठांपैकी अवघड पाठ अधिक जुना असण्याचा संभव जास्त, असे संपादक धरून चालतो. आईचा चेहरा हा अवघड पाठ होता.

चांदनी चौकातील कूचा चौधरीमध्ये कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तिथे त्याने चार-पाच फेऱ्या घातल्या. प्रथम हाती आला तो वेस्टनचा जुना मापक, तळव्यात नदीतल्या गोट्यासारखा बसणारा. याच कंपनीने १९३२ साली विजेच्या घटावर चालणारा आपला पहिला छायाचित्रणाचा मापक बाजारात आणला. आत सेलेनियमचा पत्रा, त्यावर उजेड पडला की स्वतःच थोडी वीज निर्माण होते आणि सुई हलते; बॅटरीचे काम नाही. पण सेलेनियम कालांतराने थकते, आणि किती थकले आहे हे बाहेरून दिसत नाही. भर दुपारी उन्हात धरून सोळाचा नियम जुळतो का ते पाहावे, हा उपाय. परंतु जानेवारीतल्या दिल्लीच्या धुरक्यात सूर्यच एक-दोन स्टॉप उणा, तेव्हा थकला कोण हे ठरविणार कसे? दुसरा मापक गॉसेनचा लुनासिक्स. चांदण्याचाही उजेड मोजणारा, माजघराला अगदी योग्य. तो कॅडमियम सल्फाइडवर चालतो आणि त्याला १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या लागतात. पाऱ्यामुळे त्या बनणे बंद झाले, आजची १.५ व्होल्टची बॅटरी घातली की आकडा सरकतो. शिवाय प्रखर उजेड पाहून आलेला हा मापक काही काळ तो विसरत नाही आणि अंधारात खोटे बोलतो. या मानवी दुर्बलतेमुळे त्याला तो आवडला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. एक अंशाचा कोन पाहणारा स्पॉट-मापकही त्याने डोळ्याला लावून पाहिला. तो कानशिलाचा, नाकाच्या सावलीचा, पातळाच्या काठाचा निरनिराळा आकडा देतो आणि कोणता रंग कुठे बसवायचा हा निर्णय मात्र आपल्यावर सोडतो. एका चेहऱ्याचे इतके पाठभेद त्याला नको होते.

अखेर त्याचे मन बसले ते सेकॉनिकच्या स्टुडिओ डीलक्सवर. डोक्यावर दुधी रंगाचा अर्धगोल. ही कल्पना डॉन नॉरवूड या अमेरिकनाची, १९४० च्या सुमाराची. हा मापक वस्तूकडे पाहतच नाही. तो वस्तूच्या जागी न्यायचा, तिच्या चेहऱ्यापाशी धरायचा आणि अर्धगोल कॅमेऱ्याकडे वळवायचा. मग समोरून, वरून, बाजूंनी जो उजेड त्या चेहऱ्यावर पडतो, तो तेवढा मोजला जातो. चेहरा गोरा की सावळा, पातळ पांढरे की काळे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. सावळा तो सावळा उतरतो. गैरसोय एवढीच, की दुरून भागत नाही, उठून जावे लागते. आताच्या आवृत्तीत सेलेनियमऐवजी अस्फटिकी सिलिकॉन आहे, पण बॅटरी अजूनही नाही.

एक शंका राहिली. हा मापक मंद उजेडाला कच्चा. १०० गतीच्या फिल्मला चार या एक्स्पोजर-मूल्याच्या खाली तो काही सांगत नाही. माजघरात किती उजेड असतो हे दिल्लीत बसून कोण सांगणार? त्याने अण्णांची वही काढली. ओर्वो २२ म्हणजे १२५ ची गती, झरोका ३.५, अर्धा सेकंद. गणित केले, उत्तर आले ४.३. जेमतेम मर्यादेच्या आत. अन्सेल ॲडम्सला १९४१ साली न्यू मेक्सिकोत चंद्रोदयाचे चित्र घेताना मापक सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता पाठ होती म्हणून त्याने काम निभावले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. अण्णांना चंद्र नसेल, पण आपले माजघर पाठ होते. दुसऱ्या दिवशी त्याने मापक विकत घेतला. किंमत निवृत्तिवेतनाच्या मानाने जडच होती.

वाईला तो माघात गेला. वाड्याच्या माजघराला खिडकी नाही. चौकात आकाशातून जे उतरते तेच भिंतींवरून ओघळत आत येते. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी सुब्रत मित्र यांनी काशीच्या घराचा असाच चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उजळला, तो दिव्यांचा झोत ताणलेल्या पांढऱ्या कापडावरून परतवून. इथे ते काम चुन्याच्या भिंती करीत आल्या होत्या. त्याने कॅमेरा तिपाईवर लावला आणि मापक घेऊन आईजवळ गेला. इतक्या जवळ तो बऱ्याच दिवसांनी गेला असावा. तिच्या हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका पुसट होत चालला आहे, हे त्याला तेव्हा दिसले. त्याने अर्धगोल तिच्या गालापाशी धरला.

“ताप बघतोयस का रे?” आईने विचारले.

“उजेड बघतोय, आई.”

“मग आहे का?”

सुई खालच्या टोकाजवळ हलली आणि थांबली. ४०० ची फिल्म, झरोका ३.५, सेकंदाचा आठवा भाग. अण्णांच्या नोंदीशी ताडून पाहिले, तर फरक एका स्टॉपाच्या तिसऱ्या हिश्श्याचा. मधल्या काळात चौकावरचे पत्रे बदलले, भिंतींना किती हात चुना बसला असेल. उजेड जवळपास तिथेच होता.

बारांपैकी पाच चित्रे पुढे बरी उतरली. उरलेल्यांत आई हसली आणि हलली. आठव्या भागात माणूस पुष्कळ हलू शकते. परंतु त्या दुपारी हे कळण्याचा मार्ग नव्हता. रीळ संपल्यावर त्याने अण्णांची वही उघडली, १९६७ च्या नोंदीनंतर बरीच पाने सोडून लिहिले : ‘माजघर. आई. ४००. ३.५. १/८.’ शेवटच्या रकान्यापाशी त्याची लेखणी थांबली. जुनी नोंद त्याने आईला मोठ्याने वाचून दाखविली आणि तेच शब्द पुन्हा लिहू का, म्हणून विचारले.

आईने माजघरभर नजर फिरविली. मग पातळाच्या पदराने चष्मा पुसून पुन्हा फिरविली.

“तेव्हा निवडत होते खरी,” ती म्हणाली. “आता या उजेडात खडा कुठला दिसतोय मला? तांदूळ मी चौकात घेऊन बसते.”

त्याने रकाना मोकळा ठेवला आणि वही मिटली.