मध्य फिरण्यात आहे
वर्धा, रात्री.

सळईला लांबीच्या दिशेनं मधोमध भोक पाडायचं आणि लेथ नाही, नुसतं उभं ड्रिल मशीन. अशा वेळी उलटी रीत कामी येते. बिट उलटं, टोक वर ठेवून चकमध्ये धरायचं, खाली आणायचं, टेबलावरच्या व्हाइसमध्ये तिथंच आवळायचं, व्हाइस बोल्टनं पक्की करायची, मग चक सोडायची. आता चकमध्ये सळई. साध्या चकमध्ये 13 मिलिमीटरपर्यंतची मावते. फिरते सळई, बिट जागचं हलत नाही. मध्य मोजावा लागत नाही. मधूनमधून सळई उचलून कीस काढायचा, तेल सोडायचं.

गांधीजींनी 1938 साली उघडलेल्या इथल्या मगन संग्रहालयात चरखे पाहताना ही फिरती सळईच आठवते. चाती जरा वाकली की थरथरते, सूत तुटतं. थांबलेली असताना ती सरळच दिसते. माणसंही कामाला लागल्यावरच कळतात.