पुढच्या दोन स्प्रिंगा

आमच्या दारात एक पिकप उभी असते. शेतातील तूर-सोयाबीन बाजारात न्यावे, येताना खताची पोती आणावीत आणि प्रसंगी केबिनमध्ये घरातील दोन माणसांना गावोगाव पोहोचवावे, ही तिची नित्याची सेवा. तीन वर्षांपूर्वी आम्ही ती वापरलेली घेतली. गाडी दिसायला मोठी रुबाबदार. नाक वर करून उभी राहणारी. परंतु केबिनमध्ये चढणे म्हणजे घोड्यावर मांड ठोकण्यासारखेच होते, आणि भालकी तालुक्यातील रस्त्यांवर ती चालू लागली की घोडाही बरा वाटावा.

आमचे रस्ते इंदूर-बडोद्याच्या वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. बिदर शहर तांबड्या जांभ्याच्या पठारावर वसले आहे. ते पठार उतरले की काळी जमीन लागते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वर डांबर घातले तरी खालची माती आपला स्वभाव सोडत नाही. त्यामुळे नवा रस्ताही दोन-चार पावसाळ्यांत लाटांसारखा होतो.

अशाच एका लाटेने घात केला. श्रावणात आईला घेऊन परत येत असताना गाडी एका खड्ड्यात आदळली आणि आईच्या तोंडून शब्द फुटेना. बिदरच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितले की, वयोमानाने हाडे विरळ झाली आहेत, मणक्याचे एक हाड दबले आहे. यापुढे धक्का बसता कामा नये. आईचे वय ८४. दोन महिने ती अंथरुणावर होती. उठली, हिंडू लागली, पण गाडीकडे पाहीनाशी झाली. आम्हीही आग्रह केला नाही, कारण त्या दिवशी गाडी आम्हीच चालवत होतो.

पौषात उदगीरहून निरोप आला की धाकटी मावशी अंथरुणाला खिळली आहे. उदगीर हे आईचे माहेर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात आली. दोन वर्षांनी आईचे लग्न झाले. म्हणजे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या. तिने त्याची कधी तक्रार केली नाही. आता मात्र ती दारात बसून गाडीकडे पाही आणि मान फिरवी. आगगाडी भालकीहून उदगीरला जाते, पण डब्याच्या पायऱ्या तिला चढवेनात. भाड्याची मोटार सांगू म्हटले, तर म्हणाली, “दारात गाडी असताना लोकांच्या गाडीतून माहेरी जाऊ होय?”

यावर आमच्या चिरंजीवांनी तोड काढली. “अण्णा, गाडी खाली घेऊ. पुढच्या स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे गॅसने कापले की झाले!” त्यांनी अमेरिकेतील जमिनीला टेकलेल्या मोटारींची चित्रे पाहिली होती. तिकडे हा षोक जुना. इतका की १९५८ साली कॅलिफोर्नियात गाडीचा कोणताही भाग चाकाच्या कड्याखाली येऊ नये, असा कायदा करावा लागला होता. आम्हांस यंत्रातले काही कळत नाही. गाडी खाली येते एवढेच कळले, आणि ती घेऊन आम्ही बिदरच्या उस्तादांकडे गेलो.

उस्तादांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “काटना नक्को, मालक.” दखनीने आपल्या मराठीतून घेतलेला हा ‘नक्को’ इतका मोलाचा आम्हांस पूर्वी कधी वाटला नव्हता. मग त्यांनी चिरंजीवांना समोर बसवून धडा दिला. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगेतील दोन कापले तर गाडी खाली येते खरी. परंतु उरलेल्या सहा वेढ्यांना तेवढेच ओझे पेलायचे असते, आणि स्प्रिंग पूर्वीपेक्षा एकतृतीयांशाने अधिक ताठ होते. शिवाय गॅसच्या आचेने पोलादाचे पाणी उतरते, आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. “खाली येईल, पण अम्मांची पाठ आणखी मोडेल,” उस्ताद म्हणाले. चिरंजीव गप्प झाले. खरे म्हणजे आम्हीही.

नंतर उस्ताद गाडीखाली शिरले आणि हसतच बाहेर आले. गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा तिच्यात नव्हत्याच! पूर्वीच्या मालकाने जास्त पोती लादण्यासाठी मागच्या पाट्यांत एक जादा पाटा घातला होता. त्यामुळे शेपूट वर गेले, नाक खाली दिसू लागले. म्हणून त्याने पुढे जाड तारेच्या, उंच स्प्रिंगा बसवल्या. उस्तादांनी माप घेतले. मूळ तार १२ मिलिमीटरची, ही १३ची. एका मिलिमीटरने काय होते, असे आम्ही विचारले. स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, असे चिरंजीवांनीच हिशेब करून सांगितले; म्हणजे एका मिलिमीटरने सदतीस-अडतीस टक्क्यांचा फरक! आईच्या मणक्याला तो हिशेब आमच्या आधी कळला होता.

तेव्हा ठरले ते असे की, गाडी कंपनीने दिली होती तेवढीच खाली आणायची, त्याहून तसूभरही नाही. तसे करणे कायद्यालाही धरून होते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले आहे. चिरंजीवांनी एकच शंका काढली, “मग खेपेला जादा पोती कशी न्यायची?” आम्ही म्हटले, “दोन खेपा करू.” तूर निघण्याचे दिवस होते आणि डिझेलचा भाव आम्हांस माहीत होता; तरीही म्हटले.

चासीचा नंबर दाखवून कलबुर्गीहून स्प्रिंगांची जोडी आणली. आमच्या पिढीच्या तोंडी हे शहर अजून गुलबर्गाच आहे, पण २०१४ पासून पावतीवर कलबुर्गी येते. एकच स्प्रिंग कधी बदलत नाहीत. दोन्ही बाजू सारख्या हव्यात.

काम एका दिवसाचे, परंतु पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरवणारे. गाडी उचलून चासीखाली घोड्या लावल्या, चाक काढले, शॉकअब काढला. दाबून बसलेल्या स्प्रिंगेत केवढा जोर असतो! ती निसटली तर माणूस जायचा. म्हणून उस्तादांनी वेढ्यांतून साखळी ओवून चासीला बांधली, खालच्या हाताला जॅकचा टेकू दिला, बॉल जॉइंट सोडवला आणि जॅक बोट-बोट उतरवत नेला. सगळा जोर ओसरल्यावर स्प्रिंग निमूट हातात आली. नवी बसवताना हेच सारे उलट्या क्रमाने. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच घट्ट आवळले. अधांतरी आवळले तर रबर पिळून राहते, असे त्यांनी सांगितले. मागचा जादा पाटा काढला. शेवटी चाकांचे अलाइनमेंट झाले आणि दिव्यांचा रोखही नीट केला, कारण नाक खाली आले की उजेडही खाली येतो.

पुढून गाडी अडीच इंच खाली आली. अडीच इंचांनी काय साधणार, असे वाचकांना वाटेल. आम्हांसही वाटले होते. सुताराकडून एक रुंद लाकडी पायरी करून घेतली. त्या पायरीवर उभे राहून आई आता आपल्या पायांनी आत बसू शकत होती. आम्हांस तिला उचलावे लागले नाही. आणि आत बसल्यावर तिने पाठीशी उशी घेतली नाही. मांडीवर धरून ठेवली.

कमालनगरमार्गे आम्ही बैलगाडीच्या चालीने निघालो. पहिला खड्डा आला तेव्हा आमचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळले गेले. गाडी वाकली, सावरली आणि पुढे गेली. आई काही बोलली नाही. सीमा ओलांडल्यावर पाट्या मराठी झाल्या, तेव्हा तिने प्रथमच खिडकीबाहेर पाहिले.

उदगीरला मावशी उठू शकली नाही. आई तिच्या खाटेवर बसली. दोघी बहिणी बराच वेळ एकमेकींचे हात धरून होत्या. आम्ही बाहेर आलो. संध्याकाळी निघताना मावशीने विचारले, “अक्का, परत येशील ना?”

“येईन की,” आई म्हणाली. “आता गाडी अदबीनं चालतीया.”

त्यानंतर ती दोनदा जाऊन आली. तिसऱ्या वेळेची गरज उरली नाही. काढलेल्या जाड स्प्रिंगा आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात पडून आहेत. चिरंजीव त्या भंगारात द्यायला निघाले होते, आम्हीच थांबवले.