आत्याचे कुळीथ आणि माझे खडे

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये कामाच्या ओळी दोनच होत्या. यकृतावर चरबी, ग्रेड दोन. पित्ताशयात बारीक खडे, एकाहून अधिक. मी दारूच्या वाऱ्याला उभी राहत नाही, त्यामुळे घरात पहिल्या ओळीचीच चर्चा जास्त झाली. पण यकृत बिघडायला दारूच लागते असं नाही. साखर, मैदा, बैठं काम, पोटाचा घेर, मधुमेह एवढ्या भांडवलावरही तिथे चरबी साठते. माझं भांडवल चहात होतं. दिवसभरात पाच-सहा कप, प्रत्येकात दोन चमचे. शिवाय सोमवार, चतुर्थी, एकादशी, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शेंगदाण्याचा लाडू.

बातमी गावी पोचली आणि आत्या आली. येताना बांधावरचा भुईआवळा मुळासकट उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. वीतभर रोप, चिंचेच्या पाल्यासारखी बारीक पानं. काडी उलटी केली की खालच्या अंगाला मोहरीपेक्षा जरा मोठ्या हिरव्या आवळ्यांची रांग. दिवेलागणीला ही पानं मिटतात. आत्याने सगळं पाट्यावर वाटलं, ताकात कालवलं आणि पेला पुढे केला. "तुझ्या बापाची कावीळ ह्यानंच उतरली."

दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. त्या दिवसांत माळ घाला, चुन्याच्या पाण्यात हात धुवा किंवा भुईआवळा प्या, यश त्याच्या पदरात पडतं. भुईआवळा कुणी तपासलाच नाही असं मात्र नाही. 1988 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की हिपॅटायटिस बीचा विषाणू बाळगणाऱ्या 37 जणांना तो दिला आणि 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. जगभर आशा पालवली, पण पुढच्या चाचण्यांत तसं यश कुणाच्या हाती लागलं नाही. आणि मला तर कावीळही नव्हती. आत्याच्या डोळ्यांदेखत दोन घोट घेतले. कडूजहर.

खड्यांवर तिचा उतारा कुळथाचा. रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, गाळून ते पाणी प्यायचं. "मुतखडा पडतोय, मग ह्यो का न्हाई पडायचा?" युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण मुतखडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा आणि तो असतो लघवीच्या वाटेवर. लहान असला तर भरपूर पाण्याने वाहून जातो. पित्ताशयातला खडा कोलेस्टेरॉलचा किंवा पित्तातल्या रंगद्रव्याचा, आणि प्यायलेलं पाणी त्या पिशवीत शिरतच नाही. तिथला खडा 'पडला' तर उलट पंचाईत. नळीत अडकला की कावीळ, नाही तर स्वादुपिंडाला सूज.

शेजारच्या वहिनींनी मोबाइलवर वेगळाच प्रयोग पाठवला. आधी सफरचंदाचा रस पीत राहायचं, मग रात्री ऑलिव्ह तेलात लिंबू पिळून घ्यायचं, सकाळी शौचातून हिरवे खडे पडलेले दिसतात. दिसतात हे खरंच. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी असे खडे प्रयोगशाळेत नेले आणि 2005 मध्ये निष्कर्ष छापला, पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच. त्यात ना कोलेस्टेरॉल होतं, ना पित्ताचा रंग. तेल आणि लिंबू मिळून आतड्यात तयार झालेला तो साबण होता. वहिनींना हे सांगितल्यावर त्या जरा दुखावल्या.

मग आमच्या घरच्या वैद्यांकडे गेले. काढ्याची चिठ्ठी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी रिपोर्ट वाचला, नाडी पाहिली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत पोटात काय काय जातं ते इतकं खोदून विचारलं की बाहेरच्या पेशंटांची चुळबुळ ऐकू यायला लागली. शेवटी म्हणाले, "गुळवेल घेताय का? घेऊ नका." करोनात घरोघरी गुळवेल उकळत होती. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा घोळ असेल असंही सांगितलं गेलं. वैद्यांचा मुद्दा साधा होता. वेल कुठली होती ते पुडी बघून कसं कळणार? हळदीबद्दलही तेच. भाजीतली चिमूट वेगळी आणि मिरीचा अर्क घालून केलेली गोळी वेगळी. त्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

उरलं ते जेवण. चहातली साखर आधी अर्ध्यावर आली, मग गेली. सकाळी मुगाचं धिरडं, दुपारी ज्वारीची भाकरी, घट्ट आमटी, अंबाडी नाही तर शेवग्याच्या पाल्याची भाजी, भात वाटीभरच. रात्रीचं जेवण टीव्हीवरच्या मालिकांच्या आधी. तेलाच्या डब्यावर फोडल्याची तारीख लिहायला लागले, पण तेल-तूप बंद केलं नाही. याबाबत वैद्य आणि डॉक्टर यांचं एकमत होतं, आणि तसं ते क्वचितच असतं. जेवणात थोडी स्निग्धता असली की पित्ताशय आकसून रिकामं होतं. कडक उपास केले, भराभर वजन उतरवलं, की पित्त साचून घट्ट होतं आणि नवे खडे धरतात. म्हणून निर्जळी सुटली आणि खिचडीही सुटली. एकादशीला वरईचा भात आणि ताक. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

कॉफीचं मात्र आश्चर्य वाटलं. कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताचे विकार कमी आढळतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण आमची कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, साखर आणि जायफळ. जायफळ ठेवलं.

वजनाच्या पाच टक्के उतरले तरी यकृतावरची चरबी घटते, सात ते दहा टक्के उतरले तर सूजही ओसरते. मला तिथवर पोचायला बराच काळ लागला. त्यात रोजचं संध्याकाळचं चालणं धरलेलं आहे, आणि गुडघ्यांच्या तक्रारीही. पुढच्या सोनोग्राफीत ग्रेड एक आली. खडे होते तिथेच, होते तेवढेच.

न दुखणाऱ्या खड्यांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. माझे दुखले. मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ उठली, पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत गेली आणि उलट्या सुरू झाल्या. ताप नव्हता, डोळे पिवळे नव्हते, म्हणून सकाळपर्यंत थांबता आलं. पुढे दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आता यकृतातलं पित्त थेट आतड्यात उतरतं. सुरुवातीला तळलेलं खाल्लं की पोट बिघडायचं, हळूहळू सवय झाली.

सर्जननी खडे बाटलीत घालून दिले होते. पिवळट तपकिरी, एकमेकांवर घासून कडा चपट्या झालेले. आत्या भेटायला आली तेव्हा तिने त्यातला एक मागून घेतला. कुळीथ शिजवले, गरम पाणी वाटीत ओतलं, खडा त्यात सोडला आणि झाकण ठेवून वाटी रात्रभर ओट्याच्या कोपऱ्यात राहू दिली. सकाळी चमच्याने काढून खिडकीपाशी धरला. होता तसाच, फक्त धुऊन लख्ख झालेला.

"औंदाचं कुळीथ न्हाईत हे," आत्या म्हणाली. "जुनं हायत."