सजीव नसेल, पण जिवंत?

जानेवारी २०२५. पुण्यात खडकवासला, किरकटवाडी, नांदेडगाव, सिंहगड रस्ता, सगळीकडे ‘जीबीएस’ची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, धास्ती होती. रुग्णांच्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. त्या दिवसांत शेजारच्या काकांनी विचारलं, “ताई, पाण्यातला विषाणू जिवंत असतो का हो?”

जीवाणूचं उत्तर मी उभ्या उभ्या दिलं असतं. तो खातो, वाढतो, दुभंगतो. आपल्या भाषेनं तर निकाल आधीच लावलाय: जीवाणूला जीव दिला, विषाणूला विष. वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखूवरच्या मोझॅक विषाणूचे स्फटिक केले. मिठासारखे बाटलीत भरावेत असे. पण पाण्यात विरघळवून पानावर चोळले की रोग हजर. अनेकजण विषाणूला बियाण्याची उपमा देतात. मला ती पटत नाही. कणगीतलं बी मंद का होईना, श्वास घेतं. विषाणूचा कण काहीच करत नाही.

तरीही मी त्याला निर्जीव म्हणत नाही, ते रोज सकाळी प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये जे दिसतं त्यामुळे. खडकवासला धरणाखालच्या मुठा नदीतून बाटलीभर पाणी आणायचं, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं. जीवाणू वर अडकतात, विषाणू खाली उतरतात. मग ते गाळलेलं पाणी ई-कोलाय जीवाणू घातलेल्या कोमट, पातळ अगारमध्ये मिसळून डिशवर ओतायचं आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी जीवाणूंच्या दुधट थरात मोहरीएवढे स्वच्छ गोल ठिपके पडलेले असतात. जिथे ठिपका, तिथे काल जीवाणू खाणारा एक विषाणू, म्हणजे फाज, पडला होता.

टी-४ नावाचा फाज पेशीत शिरला की तिचा डीएनए तोडून त्याच तुकड्यांतून स्वतःचा डीएनए रचतो. अर्ध्या तासात शंभरएक पिल्लं बाहेर. त्या अर्ध्या तासात पेशीत जगतं कोण? घर ई-कोलायचं, संसार टी-४चा. फ्रेंच शास्त्रज्ञ पॅट्रिक फोर्तेर अशा पेशीलाच खरा जगणारा विषाणू मानतात, आणि मला ते पूर्ण मान्य आहे. विषाणूचं जगणं शोधायचं ते पेशीत. बाटलीतल्या कणाला विचारायचा प्रश्न वेगळा: तू अजून बाधू शकतोस का?

काकांना नेमकं हेच हवं होतं. पीसीआर ते सांगत नाही. ती चाचणी फक्त जनुकं ओळखते, आणि क्लोरिननं कवच फाटलेल्या कणाचीही जनुकं सापडू शकतात. मानवी नोरोव्हायरस प्रयोगशाळेत नीट वाढवता आला तो २०१६ मध्ये, तोही मानवी आतड्याच्या पेशींवर. रोजच्या पाणीतपासणीला ते झेपणारं नाही. म्हणून त्याच्या जागी फाजची साक्ष काढायची. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात एमएस-२ हा फाज सापडता कामा नये.

मी काकांना फोनवर दोन डिशांचे फोटो दाखवले. पहिली नदीच्या पाण्याची, ठिपक्यांनी भरलेली. दुसरी तेच पाणी खळखळ उकळून केलेली. दुधट थर कडेपर्यंत सलग.

“म्हणजे मेले?”

नोंदवहीत आम्ही ‘निष्क्रिय’ लिहितो. काकांना मी म्हणाले, “हो, मेले.”